ताई, ती यादी अजून माझ्याकडे आहे

आदरणीय ताई,

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "पुढची तारीख कधी आहे?" असं विचारून विषय बदलता. निवृत्तीच्या दिवशीही तेच केलंत. म्हणून हे जाहीरपणे लिहितेय. इथे तरी तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा दिवाळखोरी म्हणजे कंपनी बुडाली, मालमत्ता विकली, धनकोंना पैसे वाटले, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "शहर बुडालं तर काय विकशील? अग्निशमन दल? गटारं?" मला उत्तर देता आलं नाही. मग तुम्ही अमेरिकेतल्या शहरांच्या दिवाळखोरीच्या कायद्याची हकिगत सांगितलीत. १९३४ मध्ये तो आला, १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या अधिकारांवरचं अतिक्रमण म्हणून रद्द केला, १९३७ मध्ये सुधारून पुन्हा आला आणि १९३८ मध्ये टिकला. ती ओढाताण चॅप्टर नाईनमध्ये, म्हणजे तिथल्या दिवाळखोरी कायद्यातल्या शहरांसाठीच्या प्रकरणात, आजही दिसते. राज्याची परवानगी नसेल तर शहराला अर्ज करता येत नाही. धनको त्याला जबरदस्तीने दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत. शहराच्या संमतीशिवाय न्यायाधीशही त्याच्या कारभारात किंवा महसुलात हात घालू शकत नाहीत. त्यामुळे नुसता दिवाळखोरीचा कायदा शिकून इथे भागत नाही, हे तुम्ही बोलून नाही, वागून दाखवलंत. दिवसभर रोख्यांचे करार वाचून संध्याकाळी नगरपरिषदेच्या बैठकीला शेवटच्या बाकावर जाऊन बसायचात. फी त्याची कुणी देत नव्हतं.

डेट्रॉइट शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा जो तो सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या कर्जाबद्दल बोलत होता. तुम्ही मला त्या कागदांत रस्त्यावरचे जवळपास ४० टक्के दिवे बंद असल्याची नोंद दाखवलीत. पुढे पोलीस आणि अग्निशमन दल सोडून बाकीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये ४.५ टक्के कपात ठरली. मला ती किरकोळ वाटली आणि तसं मी बोलूनही गेले. तुम्ही रागावला नाहीत. त्यांची दरवर्षीची महागाईवाढही बंद झाली आहे हे लक्षात आणून दिलंत आणि पंधरा वर्षांचा हिशेब माझ्याकडूनच मांडून घेतलात. शेवटचा आकडा लिहिताना माझा हात जड झाला होता.

पण मला सर्वांत जास्त आठवते ती यादीची रात्र. अर्जदार शहर आपलं अशील होतं आणि धनकोंची यादी मी तयार केली होती. दुसऱ्या दिवशी ती दाखल करायची होती. तुम्ही पट्टी आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचत बसलात. एका नावापाशी पट्टी थांबली. एका दिवंगत कामगाराच्या पत्नीचं नाव, पुढे रकमेची जागा कोरी आणि शेरा 'अनिश्चित'. तुम्ही विचारलंत, "रक्कम ठरलेली नाही, की आपण बघितलेली नाही?"

आपण बघितलेली नव्हती. यादीत रक्कम नीट लिहिलेली असली आणि ती वादग्रस्त, सशर्त किंवा अनिश्चित म्हटलेली नसली, तर त्या माणसाचा दावा आपोआप दाखल झाल्याचं धरतात. एरवी त्याने मुदतीत स्वतः दावा लावायचा, नाहीतर हक्क जाण्याची वेळ येते. म्हणजे माझ्या एका शेऱ्यामुळे त्या बाईंना कोर्टाची पायरी चढावी लागली असती. रक्कम जुन्या नोंदवहीत होती. ती सापडल्यावर तसेच बाकीचे शेरे आपण पहाटेपर्यंत तपासले. त्या बाई तर समोरच्या बाजूच्या, असं मी दबक्या आवाजात म्हटलं. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "समोरच्या बाजूला आहेत म्हणून गावाबाहेरच्या झाल्या का?"

ताई, त्या रात्री मला वकील म्हणून उभं केलंत तुम्ही. चुकीबद्दल ओरडला नाहीत, दुसऱ्या कुणाजवळ बोललाही नाहीत. दाखल केलेल्या यादीवर सही करताना मला शेजारी उभं केलंत, याचे आभार मी त्या वेळी मानले नाहीत. आज मानते, मनापासून.

त्या यादीचा कच्चा मसुदा माझ्या खणात आहे. तुमच्या पेन्सिलीची खूण पुसट झाली आहे, तरी वाचता येते. मागच्या आठवड्यात माझ्याकडे नवी ज्युनिअर आली. तिला मी एक पट्टी दिली आहे.

तुमची,
एक ज्युनिअर