बाबा रस्त्याच्या पलीकडे होते : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुढाकाराने भरलेली आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली, त्याबद्दल आधी अभिनंदन करतो. ते मनापासून आहे. वडिलांनी ३१ वर्षं कारखान्यात सायकलनेच ये-जा केली. जुलै आला की टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीचे घाटातले टप्पे आम्ही दोघं टीव्हीसमोर शेवटपर्यंत बघतो. तेव्हा हे पत्र सायकलींविरुद्ध आहे असं समजून बाजूला सारू नये.

शर्यतीच्या चार दिवस आधी आपण पत्रकारांना सांगितलं होतं, की मार्गालगतच्या रहिवाशांना ओळखपत्र दाखवून रस्ता ओलांडता येईल आणि ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना पास मिळतील. मी त्याच संध्याकाळी अर्ज केला, आजाराचे कागद जोडले. अर्ज पोचल्याचा संदेश आला. पास अजून यायचा आहे.

बाबांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू हलत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि अंगाने थोराड असल्याने त्याला दोन माणसं लागतात. त्यांचं करायला येणाऱ्या मावशी आठला येतात, माझी रात्रपाळी सातला सुटते. शर्यतीच्या दिवशी रस्ता आठला बंद होणार, म्हणून धाकटा भाऊ पावणेसातलाच बाबांना एकट्यानेच कसंबसं कुशीवर करून कामाला निघाला. मधला तास-सव्वा तास आम्ही नेहमीच काढतो. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते.

पर्यायी मार्गाने जाणार म्हणून सांगितलेली बस अर्ध्या वाटेतच रिकामी केली. उरलेलं अंतर चालून मी साडेआठला चौकात पोचलो, तर लोखंडी कठड्याशी मावशी आधीच उभ्या. त्यांची बस तर सुटलीच नव्हती, त्या घरापासून पायी आल्या होत्या. समोर अडीचशे पावलांवर आमची इमारत. तिसऱ्या मजल्यावरची बाबांची खिडकी मला तिथून दिसत होती, पडदा अर्धा ओढलेला.

ओळखपत्र दाखवलं. बंदोबस्तावरच्या पोलिसाने ते नीट वाचलं, परत दिलं आणि वरून ऑर्डर आहे म्हणाला. पोरसवदा मुलगा होता, पहाटेपासून उभा. त्याच्यावर माझा राग नाही. मदत क्रमांकावर १९ वेळा फोन लावला. दोनदा उचलला, दोन्ही वेळा कळवतो म्हणाले. नऊ वाजले, दहा, अकरा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं या टोकाचं त्या टोकाला सावकाश चालत गेलं, त्याला कोणी हटकलं नाही. ते बघून मावशींना रडू आलं.

१२ वाजून ५२ मिनिटांनी पहिला स्वार दिसला. जथा समोरून गेला तो अर्ध्या मिनिटात. मागून संघांच्या गाड्या, रुग्णवाहिका, शेवटी मागे पडलेल्यांना गोळा करणारी गाडी. पहिल्या सायकलीपासून त्या शेवटच्या गाडीपर्यंत अकरा मिनिटं झाली, मी घड्याळ लावून मोजली. तरी कठडे हलले ते सव्वादोनला.

काकूंनी दोनदा पाणी पाजलं होतं, उशी सरकवली होती. सत्तरीतल्या बाईने आणखी काय करायचं? साडेसात तास बाबा एकाच कुशीवर होते. चादर, गादी सगळं ओलं. कंबरेखाली हाताच्या तळव्याएवढा लाल चट्टा उठला होता, तो दाबूनही पांढरा पडेना. तिसऱ्या दिवशी तिथली कातडी सुटली. बेडसोर. तीन वर्षांत आम्ही एकही होऊ दिला नव्हता, मंत्रिमहोदय, एकही नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा ते रागावले नाहीत. हेलिकॉप्टरचा आवाज त्यांनी ऐकला होता. 'बघितलीस का रे शर्यत?' एवढंच विचारलं.

आता मला एक सांगा. आमच्या चौकातून शर्यत एकदाच जायची होती. ती साडेदहाला सुटली, तीही ९० किलोमीटर लांबून. स्वार ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जातात, म्हणजे साडेबाराच्या आत कोणी फिरकणार नाही हे गणित शाळकरी पोर करेल. मग आठला कठडे का लावले? एकेकटा स्वार सोडतात त्या वेळेच्या शर्यतीत रस्ता अडकतो हे मला कळतं. टूर द फ्रान्समधल्यासारखे पावणेदोनशेच्या आसपास स्वार मिनिटामिनिटाने सोडले, तर शेवटचा निघेपर्यंतच जवळजवळ तीन तास जातात. गोल फेऱ्यांच्या शर्यतीतही मध्ये लोकांना सोडणं अवघड जातं. टूरमध्ये जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा स्वारांच्या सुमारे दोन तास पुढे असतो, त्यासाठीही रस्ते लवकर अडवतात. तुमच्या शर्यतीत यातलं काहीच नव्हतं. टूर ऑफ ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरचे पोलिस शर्यतीपुढे रस्ता अडवत जातात आणि शेवटची गाडी गेली की मागे मोकळा होत जातो. अशी सरकती बंदी तुमच्या अधिकाऱ्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. एकदाच कठडे लावून टाकले की दिवसभर डोक्याला ताप नाही, एवढाच विचार झाला. तो ताप मग कोणाच्या तरी घरात जातोच.

आणि हे एका दिवसाचं नाही. आम्ही दोन पावसाळे अर्ज करत होतो ते खड्डे शर्यतीसाठी तीन आठवड्यांत बुजले. म्हणजे पैसा होता, माणसं होती, डांबर होतं. फक्त आम्ही ते मागायला योग्य नव्हतो. स्वारांना धोका नको म्हणून शाळेसमोरचे दोन गतिरोधक उखडले, ते बरोबर केलंत. शर्यत होऊन महिना झाला, ते परत बसलेले नाहीत, आणि नव्या गुळगुळीत रस्त्यावर गाड्या सुसाट जातात. तिथे मुलं रस्ता ओलांडतात. रोज सायकलने कामावर जाणाऱ्याला हातभर रुंद पट्टाही मिळाला नाही. तुमचा ताफा निघाला की आम्ही थांबायचं, पाहुणे आले की थांबायचं, शर्यत आली की थांबायचं. तुमच्या नकाशात आम्ही राहतो कुठे?

२०१८ साली फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी गवताचे भारे टाकून टूर अडवली होती. पोलिसांनी मारलेला अश्रुवायू स्वारांच्याच डोळ्यांत गेला आणि शर्यत थांबली. तेव्हा मला त्या शेतकऱ्यांचा राग आला होता. कठड्याशी उभं असताना पाच तासांनी तो राग उरला नाही. आम्ही मात्र काही अडवलं नाही. उभे राहिलो.

चौकाचौकाची बंद व्हायची आणि सुटायची वेळ निदान आठवडाभर आधी छापा. रुग्णांचे पास शर्यतीआधी हातात द्या, आणि पास नसला तरी रस्ता रिकामा असताना माणसाला पायी जाऊ देण्याचा अधिकार त्या चौकातल्या पोलिसाला द्या. गतिरोधक तर याच आठवड्यात बसवा.

परवा जखम बांधताना बाबांनी विचारलं, पुढच्या वर्षी परत आहे का शर्यत. मी हो म्हणालो. 'मग मला खिडकीत बसवा,' म्हणाले. त्यांना खुर्चीत उचलून बसवायला मी आणि मावशी, दोघंही त्या वेळी घरात असायला हवेत. तेवढी सोय करा.

आपला,
शर्यतीच्या मार्गावरचा एक रहिवासी