श्रीखंडाचा डबा परत आला

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, तू गुहागरला परत गेलीस, पण तुझा त्या दिवशीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शेजारच्या वास्तुशांतीसाठी तू दोन किलो दह्याचा चक्का रात्रभर टांगलास, गुडघे दुखत असताना पुरणयंत्र फिरवत बसलीस, वर पिस्ते-चारोळी पेरलीस. त्यांनी डबा हसून घेतला आणि पंगत उठेपर्यंत फ्रिजमधून काढला नाही. घरी आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "आवडलं नसेल त्यांना." बाबा मात्र चांगलेच रागावले.

परवा शेजारीण येऊन गेली. तिच्या धाकट्याला काजू-पिस्त्याची ॲलर्जी आहे. दोनदा दवाखान्यात धावावं लागलंय. बाबा, तुमच्या अंगावर बिब्बा उतला होता तेव्हा डोळे उघडत नव्हते, आठवतं? काजू, पिस्ता, चारोळी ही सगळी त्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्याच कुळातली. या पोराचा घसा आतून सुजतो, श्वास अडकतो. श्रीखंडाचा डाव चुकून दुसऱ्या भांड्यात गेला तरी भीती. होम चालू असताना दारातल्या पाहुणीला "यात काय काय घातलंय?" असं कसं विचारायचं, तिला सुचेना. तिने डबा तसाच आत ठेवून दिला. पोर मामाकडे गेल्यावर मोठ्यांनी दोन दिवस पुरवून खाल्लं म्हणे.

चूक माझी झाली. आदल्या दिवशी एक फोन करायचा होता: आई श्रीखंड करतेय, चालेल ना, घरात कुणाला काही वर्ज्य आहे का, फ्रिजमध्ये जागा आहे का. विकतच्या पाकिटावर दूध, शेंगदाणे, सुकामेवा असे घटक छापावेच लागतात, २०२० च्या नियमांत ते आहे. घरच्या डब्याचं आपणच सांगायला हवं. यापुढे मी सुकामेवा वेगळ्या डबीत नेणार आणि झाकणावर चिठ्ठी लावणार. वाढायचा डावही आपलाच न्यावा, कामाच्या घरात ऐनवेळी सापडत नाही.

रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये, ही तुझी शिकवण मी सोडणार नाही. पण एकदा हातात दिलं की ते त्यांचं झालं गं. लगेच वाढतील, उद्याला ठेवतील, कामाच्या मावशींना देतील. नैवेद्य दाखवल्यावर देवाने किती खाल्लं हे आपण कुठे बघतो? तू मनाला लावून घेऊ नकोस. श्रीखंड फार सुंदर झालं होतं, मी बोट लावून चाखलं होतं.

पुढच्या महिन्यात त्या पोराचा वाढदिवस आहे. आजी नुसतं केशर-वेलचीचं श्रीखंड करतील का, असं शेजारणीने विचारलंय. आपल्या पुरणयंत्राच्या जाळीत काजूचा कण राहिलेला असू शकतो, म्हणून मी नवं आणून ठेवते. तुम्ही दोघं आठ दिवस आधीच या.

आणि हो, तुझं नाव कोरलेला डबा तिने घासूनपुसून दिला. रिकामा नाही, नाचणीचे लाडू घालून. बाबांसाठी चार बाजूला काढलेत.

तुमची,
ताई