मॅडम, तो दुपारचा फोन

मॅडम,

शाळेतल्या तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी माईक हातात घेतला, "नमस्कार" म्हटलं आणि खाली बसली. सगळे हसले, तुम्हीपण. तिथं जे तोंडातून निघालं नाही ते इथं लिहून काढते. तुम्हाला बरंचसं माहीत आहे, पण बाकीच्यांनाही कळू द्या.

माझा नवरा फवारणीचा मजूर होता. जितके पंप मारले तितके पैसे. दोन वर्षांपूर्वी भादव्यात कपाशी छातीपर्यंत आली होती, औषध सगळं तोंडावरच उडायचं. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसला तो उठला नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यातच गेला. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात या फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो भरती झाली, तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. चौकश्या बसल्या, मास्क वाटले. आता कोणी एकटादुकटा गेला की चार ओळी येतात. आमच्या वाट्याला त्याही नाही आल्या.

पोरगा तेव्हा पहिलीत. त्या दिवशी तो शाळेतून घरी आला तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूनं ओसरीत बसवून ठेवलं, रात्री कोणीतरी चटणी-भाकर दिली. आणि आम्ही मोठी माणसं काय शहाणी! "बाबा कामाला नागपूरला गेले" असं सांगून मोकळी झालो. तो रोज सातच्या एस्टीला फाट्यावर जाऊन उभा राहायचा.

मग शाळेचं नाव काढलं की ओकाऱ्या. वर्गात चड्डी ओली व्हायची, पोरं हसायची. सासरच्या गावचे गुरुजी भर वर्गात म्हणाले, "रडून काय बाप परत येते का रे?" एक दिवस तालुक्यावरून पाहुणे आले, याला पुढं उभं केलं, गळ्यात दप्तर अडकवलं, फोटो काढले. ते दप्तर अजून पेटीत आहे, त्यानं हात नाही लावला. नात्यातल्यांनी ताईत बांधला. आणि मी? खोटं कशाला लिहू, तुराटीनं मारलं त्याला, शाळेत जात नाही म्हणून. पायावर वळ उठले होते. ते तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिले असतील, पण मला कधी विचारलं नाही.

जानेवारीत मी माहेरी आली आणि त्याला तुमच्या शाळेत टाकलं. तो उंबऱ्यावर बसला, एक पाय बाहेर. तुम्ही "आत ये" म्हटलं नाही. तुमची खुर्चीच दाराजवळ ओढली.

आणि मग तो फोन.

मी तेव्हा वेचणीला जायची. खिचडीच्या सुट्टीत तुमचा फोन यायचा. वावरात रेंज नाही, म्हणून मी त्या वेळेला कमरेची कापसाची ओटी सांभाळत धुऱ्यावरच्या बाभळीखाली येऊन उभी राहायची. तुम्ही काही बोलायच्या नाही, सरळ त्याच्या कानाला फोन.

"माय, काय करून राह्यली?"

"कापूस वेचून राह्यली, बाप्पा."

"बरं."

झालं. दहा सेकंद. ठेवून द्यायचा आणि खिचडी खायला बसायचा. मला आधी वाटलं, हे काय लाडावणं! तुम्ही म्हणाल्या, "तो हट्ट नाही करत, तो पहारा देते. शाळेत असतानाच त्याचा बाप गेला, म्हणून त्याला वाटते की आपण इथं बसलो की तिकडं कोणीतरी जाते." माझ्या अंगावर काटा आला. चार महिने तुराटी उगारणाऱ्या आईला हे सुचलं नव्हतं.

एकदा माझ्या फोनची बॅटरी उतरली. अर्ध्या तासानं पाहते तर वावराच्या वाटेवर तुमची स्कूटी, मागं हा. उतरलासुद्धा नाही. लांबून पाहिलं, मी हात हलवला, आणि गाडी वळून परत शाळेत. मॅडम, तुमची सुट्टी त्या दिवशी तशीच गेली, डबा खाल्ला असेल-नसेल. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे कागद तुम्ही केले, महिन्याचे पैसे सुरू झाले, त्याचे उपकार आहेतच. पण मला आठवते ती वळलेली स्कूटी.

तुमचा राग एकदाच आला. तुम्ही म्हणाल्या, "त्याला खरं सांगा. 'गेले', 'कामावर आहेत', असं नका सांगू. वारले म्हणा, परत येणार नाहीत म्हणा." मला वाटलं, बाईला लेकरू नसेल म्हणून अशी बोलते. आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. मग एका रात्री सांगितलं. तो रडला, मी रडली, आणि मग विचारतो कसा, "मंग सातची एस्टी नाही पाहू ना आता?"

शाळेच्या तारेला लागून ज्यांचं वावर आहे, त्यांना तुम्ही काय सांगितलं कोणास ठाऊक. पण गेल्या पावसाळ्यात त्यांनी सगळी फवारणी रविवारी केली. औषधाचा वास आला की हा कोपऱ्यात जाऊन बसायचा, हे त्यांना तरी कुठून माहीत असणार? लोक वाईट नसतात हो. कोणीतरी जाऊन सांगावं लागते, आणि सांगायला जाणारं माणूसच मिळत नाही.

फोन रोजचा दिवसाआड झाला, मग सोमवारचा सोमवार. तान्ह्या पोळ्याला हा लाकडाचा बैल घेऊन घरोघर फिरला, बोजाऱ्याचे, म्हणजे पोरांना सणाचे देतात ते, तेवीस रुपये आणले. दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. मी सवयीनं धुऱ्यावर जाऊन उभी. संध्याकाळी विचारलं तर म्हणतो, "विसरलो."

आता तुमची बदली. तुम्ही निघाल्या तेव्हा तो पाया पडला नाही, रडला नाही, उद्धट दिसला असेल. "पोचल्या की फोन लावजा," एवढंच म्हणाला. रात्री नऊला तुमचा फोन आला तेव्हा माझ्या हातातून ओढून घेतला. काही बोलला नाही, नुसता ऐकत उभा. मग मला सांगितलं, "पोचल्या मॅडम," आणि जाऊन झोपला.

तुमचा एक डबा आमच्याकडंच राहिला, स्टीलचा, झाकणावर पोचा असलेला. रिकामा परत देत नाहीत म्हणून यंदाच्या तुरीची डाळ भरून ठेवली आहे. आमच्या गावचा कोणी तिकडं येणार असला की त्याच्याजवळ देते.

तुमची,
धुऱ्यावरची