नेम बिघडलेला नाही, सरकलाय

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय संज्या,

टार्गेटचे कागद घडी न घालता पुठ्ठ्यात घालून पाठवलेस, फार बरं केलंस. काल उद्यमनगरातून येताना बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घरी आणला आणि जेवणं झाल्यावर कागद टेबलावर पसरून बसलो. सायलेन्सर लावल्यापासून रायफलचा नेम बिघडला, विकून टाकतो, असं लिहिलंयस. विकू नकोस, मर्दा. नेम बिघडलेला नाही, सरकलाय.

सायलेन्सर नसताना तुझ्या तीन गोळ्या 100 मीटरवर 32 मिलिमीटरात बसल्यात. लावल्यावर 35. एवढा फरक तर नुसत्या श्वासानंही पडतो. पण दुसरा ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, पहिल्याच्या 60 मिलिमीटर खाली आणि किंचित डावीकडे पडलाय, तो फरक खरा वाटतो. शाळेत आपण पट्टी बाकाच्या कडेला दाबून टोक झटकायचो, आठवतं? गोळी सुटताना बॅरल तशीच थरथरते. टोकाला तीनचारशे ग्रॅम अडकवले की ती थरथर बदलते आणि गोळी बाहेर पडायच्या क्षणी नळीचं तोंड वेगळ्याच जागी असतं.

हे मी दुधाळीच्या रेंजवर शिकलो. माझ्या .22 रायफलीच्या बॅरलला पुढं वजन बसवलं आणि 50 मीटरवर सगळ्या गोळ्या खाली जायला लागल्या. तिथं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं, चूक लपतच नाही. महिनाभर मी ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत होतो. शेवटी वजन काढून पाच, लावून पाच, परत काढून पाच अशा मारल्या, तेव्हा कुठं उलगडा झाला. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसहून कांस्य आणल्यापासून रायफल धरायला येणारी पोरं वाढलीत. त्यांनाही मी एका कागदावरून रायफलीला नावं ठेवू देत नाही.

तूही तसंच कर. आधी सगळ्या सायलेन्सरशिवाय आणि मग सगळ्या लावून मारल्यास, तर दुसऱ्या वेळी बॅरल तापलेली आणि तू दमलेला. म्हणून आलटूनपालटून मार, काडतुसं एकाच बॅचची घे, आणि मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांब. तीन गोळ्यांवर काही ठरत नाही, निदान पाच तरी हव्यात. सायलेन्सर तापला की त्याच्यावरची हवा रायफलीवरच्या दुर्बिणीसमोर लहरते, डांबरी रस्त्यावर दुपारी दिसते तशी, आणि टार्गेट हलल्यासारखं वाटतं. आणि लेथवरचा माणूस म्हणून सांगतो, आटे नीट बघ. आट्यांमागचा खांदा काटकोनात नसेल, किंवा मध्ये कचरा अडकला असेल, तर सायलेन्सर दर वेळी वेगळा बसणार आणि ग्रुपही दर वेळी वेगळीकडे जाणार. दर वेळी तिथंच जात असेल तर काळजी नाही. सायलेन्सर लावूनच दुर्बीण झिरो कर, म्हणजे नेम धरशील तिथंच गोळी लागेल अशी बसव, आणि मग तो काढू नकोस.

माझा जीव पहिल्या गोळीत अडकलाय. रेंजवर चुकली तर दुसरी मारता येते. तुमच्या न्यूझीलंडच्या डोंगरात हरणावर मारशील ती गार बॅरलमधली पहिलीच. 100 मीटरवरचे 60 मिलिमीटर 200 वर 120 होतात. छातीवर धरलेला नेम पायावर जातो आणि जनावर तसंच जखमी झाडीत शिरतं. दाजीपूरला पहाटे रस्त्यात उभा राहिलेला गवा मी जवळून बघितलाय, माझ्या हातून तर कशावरच गोळी सुटायची नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकारच बंद, ते बरंच झालं. तिकडची हरणं बाहेरून आणून सोडलेली, जंगल खाऊन संपवतात, हे तू समजावलंस ते पटलं. पण मग मारायचं तर एका गोळीत. चारपाच दिवस रोज सकाळी गार बॅरलनं एकच गोळी मार, सगळ्या एकाच कागदावर.

आणि कानाला मफ लावत जा. सायलेन्सरनं आवाज वीसतीस डेसिबल उतरतो, पण .308 रायफलीची गोळी ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं जाते, तिचा फटाका राहतोच.

काकूंना परवा भेटलो, गुडघा बराच बरा आहे. तो सकाळचा कागद मागे तारखा घालून असाच पुठ्ठ्यातून पाठव. व्हर्निअर घरीच ठेवलाय.

तुझा,
बाळू