हेळवाकच्या मामांना, गाडी उचलून न दिल्याबद्दल

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "आधी च्या घे" म्हणून विषय बदलता आणि मग माझाही धीर होत नाही. म्हणून चारचौघांत लिहिते. माझ्यासारखी जड मोटरसायकल घेऊन बसलेल्या आणि ती पडेल या भीतीने झोप न लागणाऱ्या आणखी कुणाच्या हाती हे पडलं, तर तुम्ही मला जे दिलंत ते त्यांनाही थोडंफार मिळेल.

८ जून २०२४, दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी, म्हणून सकाळीच कराडहून निघाले होते. चिपळूणला आई एकटी असते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी तिच्याकडे जाते, शंभरेक किलोमीटरचा रस्ता. पूर्वी एस.टी.ने जायचे. कोण जाणे, कदाचित तुम्ही चालवत असलेल्या एस.टी.तूनच कितीदा तरी कुंभार्ली घाट उतरले असेन. २०२३ साली रॉयल एनफील्डची सुपर मिटिऑर घेतली. साडेसहाशे सी.सी., दोन सिलिंडर, पाय पुढे टाकून आरामात बसायची गाडी. लोकांनी विचारलं, बाईमाणसाला एवढी मोठी गाडी कशाला? खरं कारण साधं होतं. माझी उंची पाच फूट एक इंच. या गाडीची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर, माझे दोन्ही पाय टेकतात. शोरूममध्ये बसल्या बसल्या टाचांसकट पाय जमिनीवर आले आणि मी तिथेच ठरवलं, हीच. वजनाचा आकडा त्यांनी सांगितला होता, २४१ किलो. पण टेकलेल्या पायांच्या आनंदात तो कानावरून गेला.

तो आकडा त्या शनिवारी समजला. हेळवाक सोडून घाटमाथ्याकडे निघाले आणि वरून पावसाची सर आली. रेनकोट घालावा म्हणून गाडी डावीकडे घेतली. वेग जवळजवळ नव्हताच, माणूस चालतो तेवढा. कडेला बारीक खडी पसरलेली, हँडल डावीकडे वळलेलं, आणि मी पुढचा ब्रेक दाबला. डावा पाय टाकला तर जमीन होती तिथे नव्हतीच, कड चांगली टीचभर खाली. मग काय व्हायचं ते झालं. मी बाजूला उडी मारली म्हणून पाय वाचला. गाडी हळूच, एखादी म्हैस बसावी तशी, डाव्या अंगावर बसली.

दोन्ही हातांनी हँडल धरून ओढलं. गाडी तसूभर हलली नाही. पुन्हा ओढलं, कंबरेत कळ आली. दोन मोटारी वेग कमी करून, काचेतून बघून पुढे गेल्या. मी रडत होते मामा, आणि पाऊस होता म्हणून ते दिसत नव्हतं, एवढंच.

तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन समोरच्या पायवाटेने आलात. मला वाटलं, सुटले, आता हे मामा गाडी उभी करून देतील. तुम्ही आधी मला नीट न्याहाळलंत, कुठे लागलं का विचारलंत. मग वाकून चावी बंद केलीत. आणि म्हणालात, "उचल."

मी म्हटलं, मामा, नाही उचलत माझ्याच्याने. "हातानं न्हाईच उचलत. हातानं कुणाच्याच्यानं उचलत न्हाई. पाठ लाव."

पुढचं मला पाठ आहे. हँडल गाडी पडली त्याच बाजूला पुरतं वळवायचं, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला ढुंगण टेकायचं, पार खाली, बाकावर बसतो तसं. एका हातात ती मूठ, दुसऱ्या हातात सीटखालचा लोखंडी भाग. हात सरळ, पाठ सरळ. आणि ओढायचं नाही, उचलायचंही नाही. टाचा रोवून मागे मागे ढकलत इंचाइंचाने पावलं टाकायची. जोर मांड्यांचा. गाडी पहिल्या गियरमध्ये पडली होती ते तुम्ही आधीच पाहिलं होतंत. "गियरात हाय ते बरंच, चाक पळणार न्हाई," म्हणालात.

मी ढकलायला लागले तेव्हा तुम्ही गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिलात. दोन्ही तळवे उघडे, गाडीपासून वीतभर लांब. गाडी सरळ होऊन तुमच्या बाजूला कलंडली असती तर झेलायला तयार, पण तोवर स्पर्श नाही. मान वळवली तेव्हा ते तळवे मला दिसले. पावसाचं पाणी त्यांच्यावरून ओघळत होतं. माझं वजन ५४ किलो. माझ्या साडेचारपट वजन माझ्या पाठीला लागून उठलं, आणि मी टाचेने साइड स्टँड खाली केला.

तुमच्या वयाच्या माणसाला ती गाडी उचलणं जड नव्हतं, दोघांनी मिळून तर सहज झालं असतं. तुम्ही भिजत उभे राहिलात, दहा-बारा मिनिटं तरी, आणि ती मला उचलू दिलीत. माझ्या आयुष्यात मला मदत करणारी माणसं पुष्कळ आली. बहुतेकांनी काम माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः करून दिलं. त्यांचेही आभार आहेतच. पण पुढच्या वेळी मी पुन्हा त्यांच्याच दारात उभी असायचे.

नंतर तुमच्या घरी नेलंत. काकूंनी डोकं पुसायला टॉवेल दिला. गियरचा दांडा वाकून इंजिनाला चिकटला होता, बुटाचा पंजा आत जाईना. तुम्ही घरामागून लोखंडी पोकळ पाइप आणलात, दांड्यावर चढवलात आणि श्वास रोखून हळूहळू बाहेर घेतलात. क्लचच्या लिव्हरचं टोकही वाकलं होतं. मी म्हटलं, तेही सरळ करा ना. "त्याला हात लावू नको. ते ॲल्युमिनियम हाय. वाकलंय तवर चालंल, सरळ करायला गेलीस की मोडंल आन् मग घाटात क्लचशिवाय बसशील." एवढी साधी गोष्ट, पण मला ती कुणी सांगितली नसती तर मी त्याच संध्याकाळी पकड घेऊन बसले असते. इंजिनाखाली कागद टाकून तेल गळत नाही ना ते बघितलंत, चावी लावायला सांगितलीत, आणि गाडी पहिल्या दाबाला सुरू झाली.

मी पाकीट काढलं. त्यावर तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही, पण पाकीट परत ठेवलं.

का पडली, ते तुम्ही चहाच्या कपाने आणि बशीने समजावलंत. चाक वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक थांबतं, पण गाडीला पुढे जायचं असतं. तिला सरळ वाट मिळत नाही, मग ती वळलेल्या बाजूला लवंडते. वेगात हे जाणवत नाही. चालण्याच्या वेगात २४१ किलो एका क्षणात अंगावर येतात. म्हणून सावकाश असताना हँडल सरळ करूनच थांबायचं, आणि वळणात ब्रेक मागचा. दुसरी गोष्ट कडेची. आपले रस्ते मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरते, त्यामुळे डावा पाय नेहमी खालच्या जमिनीवर पडतो. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर टेकलेले माझे पाय कुंभार्लीच्या कडेला टेकणार नव्हते, हे मला कोण सांगणार होतं?

आणि मग म्हणालात, "चौथ्या शनवारी येताना तासभर लौकर नीघ."

शाळेच्या मैदानावरचे ते पाच शनिवार! दोन विटा, त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा. या गाडीच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर, ती पटकन वळत नाही. मी घाबरून क्लच पुरता दाबायचे आणि गाडी कोसळायला बघायची. तुम्ही ओरडायचात, "कासरा सोडू नको!" बैलाचा कासरा ढिला सोडला की बैल भरकटतो आणि फार ओढला की अडतो. तसं क्लच अर्धा, इंजिन ओढतंय, आणि मागचा ब्रेक किंचित टेकवून ठेवलेला. एक पुढे खेचतोय, एक मागे धरतोय, आणि त्या ताणावर गाडी उभी राहते. तिसऱ्या शनिवारी ते एकदम जमलं. सांगता येत नाही कसं, पण वजन नाहीसं झालं. त्याच शनिवारी मी विटेकडे बघणं सोडलं होतं. "जिकडं बगशील तिकडं जाशील, विटंकडं बगितलंस तर विटंवर जाशील," हे तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात.

घाटाचे धडे वेगळे. तीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाकडून घाट शिकायला मिळाला, हे माझं भाग्य. ज्या गियरने चढायचं त्याच गियरने उतरायचं, न्यूट्रल कधीही नाही, ब्रेकवर सगळा भार टाकायचा नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तो नियमच आहे आणि तो पाळणारी माणसं कमी झाली याचं तुम्हाला वाईट वाटतं, तेही मला माहीत आहे. हेअरपिन वळणावर बसच्या किंवा ट्रकच्या आतल्या बाजूला कधी घुसायचं नाही, कारण पुढचं चाक बाहेरून जातं आणि मागचं आत कापत येतं. तुम्ही हे मातीत काडीने काढून दाखवलंत. त्यानंतर पोफळीकडे उतरताना मी प्रत्येक बसच्या मागच्या चाकाकडे बघते, आणि ते खरंच कठड्याला घासल्यासारखं आत येतं.

एकदा फूटपेगच्या, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीच्या, खालच्या कडेवरून बोट फिरवून म्हणालात, "घासलीस व्हय कुठंतरी?" घासली होती. अशा गाडीचे पेग खाली आणि पुढे असतात, वळणात फार झुकवली की ते रस्त्याला लागतात. मला तो आवाज आवडला होता, असं मी कबूल केलं. तुम्ही रागावला नाहीत. नुसतं म्हणालात की गाडी सांगतीये तेवढं ऐक, त्याच्या पुढचं ती सांगणार नाही, टाकून देईल. त्यानंतर पेग घासलेला नाही मामा. वळणाआधीच वेग कमी करते.

खड्ड्यांचंही तुम्हीच ओळखलंत. पाय पुढे असल्यामुळे पेगवर उभं राहता येत नाही, मग खड्ड्याचा दणका थेट माकडहाडाला. पाटणपर्यंतच्या रस्त्यावर मी हे सोसत होते आणि गाडीला दोष देत होते. आता खड्डा लांबून दिसला की आधीच वेग उतरवते, आणि उंब्रजहून येणारी मंडळी मागून हॉर्न वाजवतात तर वाजवू देत.

गेल्या फेब्रुवारीत कराडला पेट्रोल पंपावर गाडी पुन्हा लवंडली. फरशीवर डिझेल सांडलेलं, बूट सरकला. तीन-चार मुलं धावत आली, "मॅडम, थांबा, आम्ही उचलतो." चांगली मुलं होती. मी म्हटलं, नको, एकाने फक्त पलीकडे उभं राहा, हात न लावता. बूट आधी कोरड्या जागी रोवले, पाठ लावली, पावलं टाकली. गाडी उभी राहिल्यावर त्यातल्या एकाने विचारलं, मॅडम, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, हेळवाकला. त्याला वाटलं तिथे काही संस्था आहे.

दिवाळीत आई पहिल्यांदा मागे बसून कोयना धरणापर्यंत आली होती. तिने शिवसागरचं पाणी बघितलं आणि म्हणाली, पोफळीत वीज होते ते पाणी हेच ना? ती सत्तरीची आहे मामा. चिपळुणात जन्म गेला, पण घाटावर तिला कुणी कधी फिरायला म्हणून आणलं नव्हतं. परत जाताना तिने माझ्या कंबरेला धरलं नव्हतं, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला भीती वाटत नव्हती, आणि ती का वाटत नव्हती ते मला पक्कं ठाऊक आहे.

एक राहिलंय. तुम्ही ही गाडी अजून चालवलेली नाही. एकदा सुरू करून, डोळे मिटून दोन मिनिटं इंजिन ऐकलंत आणि म्हणालात, दोन बैलांची चाल हाय, पण एक जरा मागनं पाऊल टाकतो. (दोन्ही पिस्टन एकदम वर येत नाहीत, म्हणून ती चाल तशी आहे. हे मी नंतर वाचलं, तुम्हाला कानाने कळलं.) बसा म्हटलं तर, "पडली म्हंजे? तुझी कमाई हाय ती."

आता पाऊस उघडलाय. शाळेला सुट्टी लागली की मैदान मोकळं असेल. चौथ्या शनिवारी सकाळी नऊला येते. विटा तिथेच भिंतीला लावून ठेवल्यात, मी मागच्या खेपेला पाहिल्या. या वेळी गाडी तुम्ही चालवा. मी पलीकडे उभी राहते.

तुमची,
कराडची बँकवाली पोर