कलम भरायची काडी कुठून आणताय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात द्राक्षावर येतं ते बहुतेक डाऊनी-भुरीसारखे बुरशीचे रोग, अवकाळी नायतर एक्स्पोर्टचे भाव. ते पाहिजेच, पण वेलीतल्या व्हायरसवर कधी ओळभर दिसली नाही म्हणून हे पत्र.

द्राक्षवेलीवर जगात ८० च्या वर व्हायरस सापडलेत. सगळेच काही नुकसान करत नाहीत, बरेचसे नुसते पडून असतात. आपल्याला डोकेदुखी आहे ती लीफरोलची, म्हणजे पान वळवणाऱ्या व्हायरसची. त्यातला एक नंबरचा आणि तीन नंबरचा प्रकार नाशिक-पुण्याच्या बागांत असल्याचं शास्त्रज्ञांनी २०१२ च्या सुमारास छापलंय, म्हणजे बातमी जुनीच.

कॅबरनेट, शिराझ असल्या काळ्या जातीत माल पिकायला आला की खालची जुनी पानं लालबुंद होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात आणि कडा खाली वळतात. आपण म्हणतो पोटॅश कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं, दुकानदारही ड्रिपमधून सोडायला अजून दोन पिशव्या देतो, आणि तरी घडाला रंग येत नाही, गोडी भरत नाही. तोच व्हायरस थॉम्पसनसारख्या पांढऱ्या जातीत पान जरा पिवळं करतो नायतर काहीच दाखवत नाही. अमेरिकन खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर आपण कलम भरतो त्यावर, तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही! म्हणजे "मी काडी बघून आणलीय, एकदम निरोगी बाग होती" याला अर्थ नाही.

बरं, लीफरोल हा एकच नाही, त्यात नंबर आहेत आणि एकेका नंबरात स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार. दोन नंबरचा एक स्ट्रेन कॅलिफोर्नियात रेड ग्लोब या द्राक्षाच्या जातीत निघाला. रेड ग्लोब स्वतःच्या मुळावर ठणठणीत, पण तिच्या काडीचे डोळे कोबर ५ बीबी खुंटावर भरले की कलमच मरायचं. दोष ना खुंटाचा ना कलम भरणाऱ्याचा. हे आरएनए व्हायरस, स्वतःची नक्कल काढताना चुका करतात आणि त्या दुरुस्त करायची सोय त्यांच्याकडे नसते, म्हणून रूपं वाढत जातात. लॅबची पीसीआर टेस्ट व्हायरसच्या आरएनएचा ठरलेला तुकडा शोधते, तो तुकडाच बदललेला असला तर रोगी वेलीचा रिपोर्टही निगेटिव्ह येतो.

लीफरोल पसरतो काडीतून, आणि मग बागेत मिलीबग (पिठ्या ढेकूण) त्याला एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेतो. बागेत एकदा आला की त्यावर फवारणी नाही, वेल उपटायची एवढंच. आणि आपली पद्धत काय, तर पाहुण्याच्या बागेला यंदा माल चांगला लागला ना, मग आणा तिथूनच काड्या. सोनाका, माणिक चमन या जाती अशाच गावोगाव गेल्या, तेव्हा त्यात फायदाच झाला हे मान्य, पण काडीबरोबर आत काय गेलं ते कुणी बघितलं?

माझं म्हणणं एवढंच की नर्सरीने, ज्या वेलीच्या काड्या घेतात त्या मातृवेलीची टेस्ट कधी केली आणि कोणत्या व्हायरससाठी केली ते बिलावर लिहून द्यावं, खुंटाचीसुद्धा. टेस्ट आपल्याकडच्या स्ट्रेनला लागू पडते का हे द्राक्ष संशोधन केंद्राने मराठीत जाहीर करावं. आणि साहेब, तुम्ही कलम भरायचा सीझन सुरू व्हायच्या आधी यावर एक पान द्या, नंतर देऊन उपयोग नाही.

एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड