पुरात चिखलीचं बेट होतंय

मा. संपादक साहेब,
कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून चढायला लागली की आमच्या चिखली-आंबेवाडीचं बेट होतंय, 2019 आणि 2021 ला सगळ्यांनी बघितलंय. तिकडं इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या सार्क बेटावर मोटारगाड्याच नाहीत, सायकली, घोडागाड्या आणि ट्रॅक्टर, तुरुंग 1856 चा, तोही दोनच कैद्यांपुरता (आमच्या गोठ्याएवढा असंल), पण पोलिस बेटावरचाच. आमच्याकडं पुरात पोलिस पाण्यापलीकडं! घर सोडताना निम्मा जीव म्हशीत, निम्मा कुलपात, चोरी झाली तर सांगायचं कुणाला? पोलिस पाटील एकटे काय काय बघणार. पावसाळाभर दोन पोलिस आणि एक यांत्रिक बोट गावातच ठेवा की.

– एक वाचक, चिखली, ता. करवीर